मोठ्या मिस्त्रींच्या तोंडावरचा चौकोन

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

मावशीचे आशीर्वाद. ते इथेच संपले, आता पुढचं नीट बसून वाच.

तुझं निमंत्रणाचं कार्ड मिळालं. तिकीट वाकडं चिकटवलं आहेस. जिने टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढली तिला वाकडं तिकीट पाठवायला धाडस लागतं, ते तुझ्यात आहे हे कळलं. पण कार्डावर छापलं आहे काय? "पाडली जाणारी चर्च : नऊ जुनी चित्रं." नऊ! अगं, चांगली उभी चर्च काढून काढून चित्रकारांचे हात दुखले असतील, आणि तुमच्या संग्रहालयाला भिंतीवर लावायला मिळाली ती ही? वाढदिवसाला घरात कुणी स्मशानाचे फोटो लावतं का?

बरं, तुमची हौस. पण कार्डावर जे चित्र छापलंय ते नदीकाठचं चर्च आहे. दोन मनोरे, मधे गोल खिडकी. आता ते उभं नाही, पण ते कुणी बांधलं हे तुला मी सांगायचं? आपल्या मोठ्या मिस्त्रींनी. माझे पणजोबा, तुझे खापरपणजोबा. घरात पाळण्यातल्या पोराला स्वतःचं नाव कळायच्या आधी ही गोष्ट कळते. तेव्हा ते चित्र पाडकामाचं असूच शकत नाही, बांधकामाचं आहे. परांची दोन्ही वेळेला लागते, तुम्हा शिकलेल्यांना फरक कळला नाही एवढंच.

आणि हा नुसता अभिमानाचा प्रश्न नाही. त्या चर्चमुळे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या गल्लीतली एकही मुलगी त्या फाटकाच्या आत गेली नव्हती. वडील मला घेऊन गेले, मदरशी आत अर्धा तास बोलले, मी बाहेर बाकावर पाय हलवत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "झालं. चर्च बांधणाऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी इथे जागा असते." त्या एका जागेवर माझं इंग्रजी, माझं अक्षर, माझी नोकरी आणि माझा आवाज उभा आहे. त्यामुळे चित्राखालची पाटी बदलायची. पंधरा मार्चला उद्घाटन आहे ना? भरपूर वेळ आहे.

आमच्या निवृत्त टपाल महिला मंडळाच्या एकोणीस जणी घेऊन येते आहे. सगळ्यांना मिस्त्रींची गोष्ट सांगून ठेवली आहे.

तुझी मावशी

ता. क. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. कागदावर हं हं करता येत नाही.

९ फेब्रुवारी

ति. मावशीस,

सा. न. तिकीट सरळ लावलं आहे, फूटपट्टी ठेवून.

अगं, पडक्या चर्चची चित्रं वाईट नसतात. चर्च पाडायला निघालं की गावातले चित्रकार धावत यायचे, कारण उद्या ते दिसणार नव्हतं. आपण नाही का, कुणी कायमचा निघाला की स्टेशनवर फोटो काढत? एका चित्रात छप्पर गेलंय आणि वेदीच्या पायरीवर उन्हात कुत्रं झोपलंय. दुसऱ्यात दोन बायका रंगीत काचेच्या एकाच खिडकीवरून भांडताहेत, दोघींनी एकेक टोक धरलंय. तुला आवडेल ती, त्यातली एक थेट तुझ्यासारखी उभी आहे.

नदीकाठच्या चर्चचं म्हणशील तर ते पाडकामच आहे गं. माणसं वरून खाली काम करताहेत. गाड्या भरून बाहेर निघाल्या आहेत, आत येत नाहीत. मनोऱ्याच्या डोक्यावर झाड उगवलंय, नव्या बांधकामावर झाड कुठून येणार? पाटी बदलता येणार नाही.

बाकी चित्रातले कामगार अगदी बारीक आहेत, चेहरे ओळखू येण्यासारखे नाहीत. आणि दालन लहान आहे, एकोणीस जणी मावणार नाहीत. तू एप्रिलमध्ये एकटीच निवांत ये ना. मी सुट्टी काढते.

तुझी ठमी

१४ फेब्रुवारी

ठमे,

"एप्रिलमध्ये एकटीच निवांत ये." हे वाक्य वाचलं आणि मी भिंग काढलं. तू मला आजवर कधी निवांत ये म्हणाली नाहीस. निवांत हा शब्द तू माझ्यासाठी वापरतेस म्हणजे काहीतरी शिजतंय.

कार्ड खिडकीपाशी घेऊन बसले. जुनी चित्रं साफ करणं हेच तुझं काम, आणि हे तू छान धुतलंयस, ते कबूल करते. आकाश निळं, दगड पिवळसर, नदीतलं पाणीसुद्धा ओलं दिसतंय. पण वरच्या कमानीवर जो माणूस उभा आहे, त्याच्या तोंडावर एक काळपट चौकोन आहे. अख्खं चित्र आंघोळ करून बसलंय आणि एकट्या याचंच तोंड धुवायचं राहिलं! माझ्या काउंटरवर लोक पार्सलं आणायचे, त्यात काय आहे ते सांगायचे नाहीत. मी नुसती गाठ बघून सांगायचे, यात लोणी आहे की लबाडी. ही गाठ लबाडीची आहे.

आणि ऐक. चौकोन तू तोंडाच्या मापाचा ठेवलास. कान बाहेर राहिले आहेत. दोन्ही बाजूंना. कपाटाच्या मुठीसारखे.

ते कान मी रोज सकाळी आरशात बघते, ठमे. तुझी आई ते केसांखाली लपवते, तू टोपीखाली. त्या कमानीवर आपल्या घरातला माणूस उभा आहे आणि तू त्याचं तोंड झाकलं आहेस. का, ते उलट टपाली कळव.

मावशी

१९ फेब्रुवारी

ति. मावशी,

मी सापडले.

आमच्या कामाची एक रीत आहे. जुनं चित्र साफ करताना एक लहानसा चौकोन तसाच मळका ठेवतात, म्हणजे आधी किती काजळी होती हे पुढच्या माणसाला कळावं. तो नेहमी कोपऱ्यात ठेवतात, आकाशात नाहीतर गवतात. कुणी माणसाच्या तोंडावर ठेवत नाही. मी ठेवला. साहेबांनी विचारलं, "इथेच का?" मी म्हटलं, "तांत्रिक कारण आहे." साहेबांना तांत्रिक म्हटलं की ते पुढे जातात.

खरं कारण चित्राच्या पाठीमागे आहे. कॅनव्हासच्या मागे चित्रकाराने स्वतःच्या हाताने माणसांची यादी लिहून ठेवली आहे. गाडीवान, दोरवाला, घंटा उतरवणारे तिघे. आणि सगळ्यात वर : "कमानीवर मोठे मिस्त्री, पाडकामाचे मुकादम." मी ते वाचलं आणि त्यांच्या तोंडापाशी साफसफाई थांबवली.

आणि मावशी, मला आधीच कळायला हवं होतं. ते चर्च पाडलं तेव्हाच दीडशे वर्षांचं होतं. बांधलंही मिस्त्रींनीच असेल तर ते पाडायच्या दीडशे वर्षं आधी बांधायला आले असणार. आपल्या घरात सगळे दीर्घायुषी आहेत, पण इतके नाहीत. हा हिशेब चार पिढ्यांत एकानेही केला नाही, मीसुद्धा नाही.

त्यांनी ते चर्च बांधलं नाही, पाडलं. तुला हे कार्डावरून कळू नये म्हणून मी काजळी ठेवली. माझ्या कामात याहून मोठी लबाडी नाही. माफ कर. काहीतरी लिही, रागावून लिही, पण लिही.

ठमी

२७ फेब्रुवारी

ठमे,

रागावले नाही. आठ दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि ही गोष्ट माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होते आहे.

मिस्त्रींनी चर्च पाडलं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. कुणीतरी पाडणारच होतं, पोट सगळ्यांना असतं. पण माझ्या शाळेचं काय? ती जागा बांधणाऱ्याच्या घरातल्या मुलीची होती. म्हणजे ज्याने खरंच बांधलं त्याच्याही वंशातली कुणी मुलगी असेलच ना? माझ्याच वयाची. मी आत बसून कविता पाठ करत होते तेव्हा ती फाटकाबाहेरून गेली असेल आणि तिला वाटलं असेल, ही शाळा आपल्यासाठी नाही. अकरा वर्षं मी दुसऱ्या मुलीच्या बाकावर बसले. वर जन्मभर लोकांना शिस्त शिकवली. पाकिटावर पत्ता अपुरा लिहिला तर मी माणसाला रांगेतून परत पाठवायचे. आणि माझाच पत्ता खोटा!

वडील मदरना खोटं बोलले हे मला सहन होत नाही. त्यांनी घरी आम्हाला एका वाटाण्याचंही खोटं बोलू दिलं नाही.

मी ठरवलं आहे. शुक्रवारी शाळेत जाते. शाळा सोडल्याचा दाखला आणि सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मदरच्या टेबलावर ठेवून येते. जे आपलं नाही ते परत करायचं, हे मला तिथेच शिकवलं होतं.

मंडळाला सांगितलं की माझा पाय मुरगळला, सहल रद्द. आता त्या पाळीपाळीने सूप घेऊन येतात आणि मला सगळ्यांसमोर लंगडावं लागतं. काल डावा लंगडला, आज उजवा. मंडळातली माजी तार मास्तरीण दोन्ही पाय निरखून गेली.

मावशी

३ मार्च

मावशी, घाईत लिहिते. शाळेत जाऊ नकोस, आधी हे वाच.

तुझं पत्र वाचलं, तशीच उठले आणि चौकोन साफ केला. साहेब म्हणाले, "आता तांत्रिक कारण संपलं का?" मी म्हटलं, "संपलं." काडीला कापूस गुंडाळून कपाळापासून सुरुवात केली. तासाभरात ते आले.

मावशी, ते थेट आजोबांसारखे दिसतात. जिभेचं टोक दातात धरलंय. हातात हातोडा नाही, मी आतापर्यंत त्यांच्या मागच्या माणसाचा हातोडा त्यांचा समजत होते. त्यांचा एक हात वर आहे, पंजा उघडा, खालच्या दोरवाल्याला "हळू, हळू" म्हणावं तसा. आणि नजर दोरीला टांगलेल्या एका दगडावर आहे. कडेवरचं पोर खाली ठेवताना बघतात तशी.

त्या दगडावर खडूने आकडा घातलाय. मग मी बाकीचे बघितले. गाडीतल्या सगळ्या दगडांवर आकडे आहेत. मोडून टाकायच्या दगडांना नंबर कोण घालतं? मला अजून कळलेलं नाही, पण थोडी थांब.

ठमी

६ मार्च

चि. ठमीस,

तुझं पत्र मी शाळेतून परतले तेव्हा दारात पडलेलं होतं. टपाल खातं माझ्यानंतर पार बसलं आहे. माझ्या वेळेला हे पत्र शुक्रवारी सकाळी पोचलं असतं, आणि मग पुढचं काहीच झालं नसतं. त्यामुळे या वेळेपुरतं त्यांना माफ करते.

आताच्या मदर चाळीस वर्षांच्या आहेत आणि कॅनव्हासचे बूट घालतात. मी दाखला टेबलावर ठेवला, त्यावर बक्षिसाचं पुस्तक ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"आजी, तुम्ही बसता का जरा?"

मी म्हटलं, "मी आजी नाही, मी माजी विद्यार्थिनी आहे. आणि कबुली उभ्यानेच देतात."

"बरं, उभ्या राहा. पण अशी जागा या शाळेत कधी नव्हतीच."

"कसली?"

"बांधणाऱ्याच्या मुलीसाठी राखून ठेवलेली. मी सगळे जुने नियम वाचले आहेत, मला शिक्षाच होती ती पहिल्या वर्षी. असं कुठेच नाही."

मग मी बसले.

त्यांनी कपाटावर चढून प्रवेशाची जुनी वही काढली. स्वतः चढल्या, त्या बुटांचा उपयोग तेव्हा कळला. माझं वर्ष उघडलं. आमच्या मदरचं अक्षर, सरळ, एकाही मात्रेला घाई नाही. मी उतरवून आणलंय, जसंच्या तसं :

"मुलगी बाहेर बाकावर आहे, पाय स्थिर नाहीत. वडिलांनी स्वतःहून सांगितले की त्यांच्या आजोबांनी नदीकाठचे चर्च बांधले नाही, उतरवले. गल्लीत त्यांना चर्चफोडे म्हणत, म्हणून घरातल्या बायकांनी बांधल्याची गोष्ट केली आणि ती आता मोडवत नाही. पण इथे खोटे सांगून मुलगी घालणार नाही, म्हणाले. मी त्यांना विचारले, ते दगड कुठे गेले हे ठाऊक आहे का? ठाऊक नव्हते. मी सांगितले, तुम्ही त्यांच्यातच बसला आहात. या शाळेच्या चारही भिंती त्याच दगडांच्या आहेत. एकही फुटला नाही, अशी तेव्हाची नोंद आहे. मुलीला घेतले."

ठमे, वडील खोटं बोलले नव्हते. मदरना खरं सांगितलं आणि बाहेर येऊन मला खोटं. मी उलटं समजून आठ दिवस त्यांच्याशी मनातल्या मनात बोलणं टाकलं होतं.

डोळ्यात धूळ गेली. आजकाल शाळेत नीट झाडत नाहीत. तसं मी मदरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, बरीच गेलेली दिसते," आणि स्वतःचा रुमाल दिला.

मग त्यांनी मला दुसरीच्या वर्गात नेलं. नकाशांचं कपाट दोघींनी ढकललं. मागच्या भिंतीवर, गिलावा निघाला आहे तिथे, दगडात कोरलेला आकडा आहे. दोनशे अकरा. खडू पुसला जाईल म्हणून नंतर छिन्नीने कोरून घेतले असावेत. मी तिथे दुसरीला होते. त्या भिंतीकडे तोंड करून मला कितीदा उभं केलंय! बडबडीबद्दल.

दाखला परत दिला त्यांनी. बक्षीसही. वर म्हणाल्या, "अक्षर खरंच सुंदर आहे तुमचं, ते तरी कुणाच्या जागेवरचं नाही ना?" कॅनव्हासचे बूट घालणारी असली तरी बाई बरी आहे.

आता पाटीवर काय लिहायचं ते सांगते. "कमानीवर मोठे मिस्त्री. त्यांनी हे चर्च एकही दगड न फोडता उतरवलं. याच दगडांची मुलींची शाळा झाली." साहेबांनी विचारलं तर वहीचा फोटो दाखव, मदर पाठवताहेत. आणि खुर्च्या मांड. एकोणीस जणी येताहेत. पाय बरा झाला, दोन्ही.

तुझी मावशी

१७ मार्च

ति. मावशीस,

सा. न. तू घरी सुखरूप पोचलीस ना? आमचं दालन मात्र भानावर आलेलं नाही, तिथे अजून तुझा आवाज घुमतोय.

साहेबांनी उद्घाटनाचं भाषण लिहून आणलं होतं, चार पानं. तू पहिल्याच पानावर त्यांना बाजूला केलंस, तेही "तुम्ही बसा हं, दमला असाल" म्हणून. काय धीराने सांगितलंस गं सगळं! मला वाटलं होतं, चर्चफोडे हा शब्द तू गाळशील. तू तो दोनदा म्हणालीस. मागून तुमची तार मास्तरीण ओरडली, "अगं, पण तू तर इतकी वर्षं बांधलं म्हणून सांगत होतीस!" आणि तू म्हणालीस, "सांगत होते. चुकीचं होतं. आता बरोबर सांगतेय तर ऐकून घे, आणि पायाबद्दलही नंतर बोलू." त्यावर ती हसून हसून पहिल्या रांगेत येऊन बसली.

पण उरलेल्या आठ चित्रांमधल्या मुकादमांना तू जे बोललीस ते जरा जास्त होतं. "हा बघा मूर्ख, कमान खालून काढतोय." "याला मिस्त्रींनी दुपारीच घरी पाठवला असता." लोक टाळ्या वाजवत होते. साहेब मला विचारताहेत, तुझ्या मावशी दर शनिवारी येतील का?

एकच विचारते. आई आमच्या पिल्लूला, म्हणजे दादाच्या मुलीला, अजून बांधल्याचीच गोष्ट सांगते. परवा मी ऐकलं. तू आईला खरं सांगशील का? माझं ती ऐकणार नाही, म्हणेल, कॅनव्हासच्या मागचं वाचून घरातल्या माणसांवर शंका घेतेस.

तुझी ठमी

२४ मार्च

चि. ठमीस,

शनिवारचं जमेल. साहेबांना सांग, मी बोलताना मधे तांत्रिक काही काढायचं नाही.

तुझ्या आईकडे काल जाऊन आले. वहीतली नोंद पर्समध्ये, भाषण तोंडात. धाकटी बहीण असली तरी तिला खरं सांगायला मला उद्घाटनापेक्षा जास्त धीर लागला. तिने शाळा बघितली नाही गं, माझ्यानंतर वडील आजारीच पडले. तिच्याकडे ती एवढी एकच गोष्ट होती. मी सगळं वाचून दाखवलं. तिने कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "एकही फुटला नाही?" मी म्हटलं, "एकही नाही." म्हणाली, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं.

तेवढ्यात पिल्लू खेळून आली. गुडघा फुटलेला, वेणी सुटलेली. आजीच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, गोष्ट सांगा, मिस्त्रींची. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आता खरं सांगायची पाळी माझी आहे हे मला माहीत होतं. पाडलं, उतरवलं, चर्चफोडे, सगळं क्रमाने मनात लावून मी तोंड उघडलं, तर ती पोरगी म्हणते, "आधी हे सांग, त्यांनी काय बांधलं?"

मी म्हटलं, "शाळा."

तुझी
मावशी